इस्त्री हातात असेपर्यंत

आमच्या लाँड्रीत एक नियम आहे. ज्याच्या हातात गरम इस्त्री असेल, त्याला कुणी उलटून बोलायचं नाही. नियम सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, आणि त्याला कारणही तसंच घडलं. ऐन उमेदीत ते एका वकिलाच्या काळ्या कोटाला इस्त्री करत होते आणि सासूबाई मागून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला काय कळतंय त्यातलं?" अण्णा उत्तर द्यायला वळले. इस्त्री वळली नाही. कोटाच्या पाठीवर तिचा ठसा असा काही स्वच्छ उमटला की वकील म्हणाला म्हणे, पुरावा म्हणून चालेल. तेव्हापासून हा नियम. इस्त्री टेबलावर उभी ठेवली की मग भांडा, रडा, काय हवं ते करा.

या नियमाचा निवडणुकीत उपयोग होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण गरज पडली की माणसाला सुचतं.

गरज पडली ती नणंदेमुळे. तिला आम्ही सगळे धाकटी म्हणतो. ती शहराची बस चालवते. आमचा रस्ता चढाचा. बस खालच्या चौकात थांबते आणि दवाखाना आहे वर, चढाच्या टोकाला. म्हणजे ज्याचे गुडघे दुखतात त्याने गुडघे दाखवायला आधी गुडघ्यांनीच वर जायचं. बस वरपर्यंत न्या म्हणून धाकटी आमच्या भागाच्या मेंबरांकडे किती वेळा गेली त्याला गणती नाही. मेंबर गोड माणूस. दर वेळी चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बघू." शेवटी एक दिवस तिने कप खाली ठेवला. "काका, तुम्ही बघून दमलात. आता मी बघते," म्हणाली, आणि तशीच जाऊन त्यांच्या विरोधात अर्ज भरून आली.

सगळी गल्ली खूश झाली. पंचाईत झाली ती आमच्या घरात. कारण मेंबर म्हणजे अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. दर रविवारी दोघं आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पत्ते खेळतात. आणि धाकटीच्या डोक्यात निवडणूक शिरायच्या कितीतरी आधी अण्णा त्यांना म्हणून बसले होते, "यंदाही माझं मत तुलाच."

"शब्द दिलाय मी," अण्णा म्हणाले. "शब्द म्हणजे काय शर्ट आहे, उलटा घातला म्हणून बदलायला?"

धाकटी जिन्यात मला गाठून म्हणाली, "वहिनी, मी अर्ज मागे घेते. दारोदार जाऊन मत मागायचं, आणि पहिल्याच दारात कुणी विचारलं की तुझ्या वडिलांचं मत कुणाला, तर काय सांगू? घरातच विश्वास नसेल तर लोकांनी का ठेवावा?"

"अजून मुदत आहे ना?"

"आहे थोडे दिवस."

"मग थोडे दिवस गप्प बैस. घर मी बघते."

म्हटलं खरं. पण कोणाचं मत कसं वळवायचं असतं याचं शिक्षण मला कुठे मिळालंय? मी डाग काढण्यात हुशार. म्हटलं, तसंच करू. डाग कुठलाही असो, आधी कडेने सुरुवात करायची, मध्याला हात शेवटी घालायचा. त्या हिशेबाने पहिल्या आल्या सासूबाई.

त्या बटणं लावत बसल्या होत्या. मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, चढाची केली, बसची केली. त्यांनी दोरा दाताने तोडला.

"सरळ विचार की गं, मत कुणाला देणार म्हणून."

"बरं, कुणाला देणार?"

"ते मी तुझ्या सासऱ्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. संसार एकत्र केलाय, मत नाही." मग सुईत पुन्हा दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "आणि मेंबरांनी मला शेवटचं चढावर चालताना कधी पाहिलं, विचार त्यांना." मी समजले. पुढे विचारलं नाही.

आमच्या ह्यांचं काम अवघड होतं. हे कधी कुणाच्या विरुद्ध नसतात आणि त्यामुळे कुणाच्या बाजूलाही नसतात. "मेंबर चांगले आहेत," म्हणाले. "धाकटीही चांगलीच आहे."

"अहो, दोघांना मत देता येत नाही."

"तेच तर चुकतं ना," असं म्हणून हे हँगर मोजायला निघून गेले. तळ्यात नाही, मळ्यात नाही, काठावर उभे राहून पाय सुकवणारा माणूस!

आणि अण्णा? मी तोंड उघडलं की अण्णा म्हणायचे, "सूनबाई, तो विषय नको." असं करता करता शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज मागे घेता येणार होता. धाकटीने सकाळी सांगून ठेवलं, दुपारची फेरी संपवून दुकानात येते, आणि तिथून सही करायला जाते.

मी दुकानात आले आणि इस्त्री तापवली.

शर्ट टेबलावर पसरून म्हटलं, "अण्णा, मी आज धाकटीबद्दल बोलणार आहे."

"तो विषय—" अण्णांनी सुरुवात केली, आणि माझ्या हाताकडे बघून थांबले. नियम त्यांचाच. ओठ मिटले. मी बोलायला लागले. शर्ट संपला, मी इस्त्री खाली न ठेवता दुसरा ओढला. दुसरा संपला, उशांचे अभ्रे घेतले. चढ, दवाखाना, सासूबाईंचे गुडघे, "बघू" वर घालवलेली वर्षं, सगळं सांगून झालं. अण्णांचा चेहरा हळूहळू वाफेच्या इस्त्रीसारखा व्हायला लागला. आतलं पाणी उकळत होतं, फक्त बाहेर पडायला वाट नव्हती.

मग त्यांनी ती शोधली. उठले, कोपऱ्यातली जुनी जड इस्त्री तापायला लावली, आणि ती तापताच एक पडदा ओढून सुरू झाले.

"माझी आई आजारी होती तेव्हा दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी कोण बसलं होतं? मेंबर! तेव्हा तो मेंबरही नव्हता. अशा माणसाला काय सांगू, माझी मुलगी उभी राहिली, आता तू ऊठ?"

आता दोन इस्त्र्या गरम आणि दोघंही बोलतोय. अशा वेळी काय करायचं ते नियमात नव्हतं. सासूबाईंनी बटणांचा डबा बंद केला, घरातली छोटी इस्त्री तापवून आणली आणि कुणाचा तरी टेबलक्लॉथ घेऊन मध्ये उभ्या राहिल्या. "तुम्ही दोघं तिच्याबद्दल बोलताय. तिच्याशी बोललंय का कुणी?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण आम्हाला तसं म्हणताही येईना. त्यांच्या हातात इस्त्री होती.

तेवढ्यात हे पुढे आले. आईच्या हातातून इस्त्री अलगद काढून घेतली, हाताला लागला तो गठ्ठा टेबलावर ओढला आणि म्हणाले, "मला बोलायचंय."

लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मी दर गुरुवारी साबण आणायला जातो ना, तो धाकटीच्या बसने जातो. मागच्या दाराने चढतो. तिला दिसत नाही." इस्त्री जोरात फिरत होती. "म्हातारं माणूस बसायच्या आत ती बस हलवत नाही. मागून गाड्या बोंबलतात, ही आरशात बघत शांत बसलेली. लोक उतरताना तिला हाक मारून जातात. मी कुणाला सांगत नाही की ती माझी बहीण आहे. पण अण्णा, फार सांगावंसं वाटतं." एक कपडा झाला, दुसरा, तिसरा. "तिला मत द्यायचं म्हणून मी मेंबरांच्या विरुद्ध नाही. मी पहिल्यांदा कुणाच्या तरी बाजूला आहे, बास."

माझे डोळे भरून आले होते, म्हणून मला ते उशिरा दिसलं. सासूबाईंना आधी दिसलं.

"अरे," त्या म्हणाल्या, "हे तू काय इस्त्री करतोयस?"

गाण्याच्या बाईंच्या वर्गातल्या मुलींचे स्कर्ट! बारीक चुण्यांचे. आदल्या दिवशी अण्णांनी एक एक चुणी बसवून ठेवलेले, ऐन त्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रमाला जायचे. ह्यांनी भावाच्या मायेने त्यांतले निम्मे पापडासारखे सपाट केले होते.

आणि त्याच क्षणी दारात धाकटी. ड्रायव्हरच्या गणवेशात, खांद्याला पिशवी.

"मी निघतेय सही करायला," म्हणाली. मग टेबलाकडे बघितलं. "चुण्या कुठे गेल्या?"

"दादाने भाषण केलं," मी म्हटलं.

"दादाने?"

"जोरदार केलं."

तिने घड्याळाकडे पाहिलं, स्कर्टांकडे पाहिलं. पिशवी खाली टाकली आणि बाह्या दुमडल्या. चुण्या एकट्याने बसत नाहीत. एकाने धरायच्या, दुसऱ्याने ओला कपडा टाकून दाबायच्या, आणि गार होईपर्यंत धरणाऱ्याने हलायचं नाही. आमच्याकडे हे काम लहानपणापासून धाकटी आणि अण्णा करत आलेत. बाकी आम्ही बसवलेल्या चुण्या हलू नयेत म्हणून कच्चे टाके घालायला बसलो.

"धर."

"धरलं."

"सोड."

मग इस्त्री दाबता दाबता, मान वर न करता अण्णा म्हणाले, "अख्ख्या गल्लीला सांगितलंस, उभी राहतेय म्हणून. मला नाही विचारलंस. मला ते खालच्या पाववाल्याकडून कळलं. पाव घेताना."

धाकटीला बोलता येईना. तिची बोटं चुणीवर आणि त्यांच्या हातात इस्त्री. मी तिचा चेहरा पाहिला. मला वाटत होतं सगळी अडचण शब्दाची आहे. माणूस इतके दिवस रुसून बसला होता, आणि मी त्याला बसचा मार्ग समजावत होते!

अण्णांनी इस्त्री उभी ठेवली. "बोल आता."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो."

"मग?"

"मग तू ऐकलं नसतंस. पण विचारलं तर असतंस की नाही?"

धाकटी हसली आणि रडली, दोन्ही एकदम. ही आमच्या घरातल्या बायकांची खोड आहे. "बरं, आता विचारते. अण्णा, मला मत द्याल?"

"शब्द दिलाय गं मी त्याला," अण्णा म्हणाले. पण या वेळी त्यांनी ते शिवीसारखं नाही, दुखण्यासारखं सांगितलं.

आणि दारातून आवाज आला, "माझे शर्ट झाले का रे?"

मेंबर. संध्याकाळच्या सभेसाठी शर्ट न्यायला आलेले. अण्णांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि झटकन इस्त्री उचलली. मेंबर जिथल्या तिथे थांबले. नियम त्यांना माहीत होता. वकिलाचा कोट जळाला तेव्हा ते समोर बसले होते.

"ऐक," अण्णा म्हणाले. "मी तुला शब्द दिला होता. तो मला परत हवाय. तू काही वाईट नाहीस. बाकावर बसला होतास ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ही माझी मुलगी आहे, आणि तिला जे कळतं ते तुला आणि मला दोघांनाही कळत नाही. आपण दोघं चढ चढतच नाही. आपण खालीच बसून पत्ते खेळतो. रागव, पत्ते बंद कर. पण शब्द दे परत."

मेंबर तोंड मिटून उभे. अण्णा एकच चुणी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. इस्त्री ठेवायचा त्यांना धीर होईना.

"अहो, ठेवा ती," सासूबाई म्हणाल्या. "स्कर्ट जळेल."

अण्णांनी इस्त्री ठेवली. मेंबरांनी मोठा श्वास सोडला.

"मूर्खा," ते म्हणाले, "पोरगी उभी राहिली त्याच दिवशी मी तुझं मत सोडून दिलं. तू शब्द परत मागितला नसतास तर मला किती राग आला असता माहितीये? बापाने मुलीला मत दिलं नाही तर लोक माझ्याकडेच संशयाने बघतील."

"मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

"तोंड पाडून खेळत होतास रे. सगळे डाव मी जिंकत होतो. कशाला बोलू?"

आधी सासूबाई हसल्या. मग कोण हसायचं राहिलं ते मला सांगता येणार नाही.

"पण पाडणार मी हिला," मेंबर धाकटीकडे बोट करून म्हणाले.

"पाडा की काका. बघू," धाकटी म्हणाली.

पाच वाजून गेले तेव्हा आम्ही शेवटच्या स्कर्टावर होतो. घड्याळाकडे कुणी पाहिलंही नाही. स्कर्ट गाण्याच्या बाईंकडे पोचवायचे होते, आणि त्या राहतात वरच्या टोकाला, दवाखान्याच्या पलीकडे. अर्धे धाकटीने घेतले. अर्धे घ्यायला हे उठले, तर अण्णांनी त्यांना बाजूला केलं. डोक्यावर टोपी घातली आणि हँगर हातावर आडवे घेतले.

"अण्णा, चढ आहे," धाकटी म्हणाली.

"मला माहिती आहे चढ आहे. त्यावरूनच तर चाललंय सगळं."

मी दुकान ह्यांच्यावर सोडून मागोमाग गेले. असलं काही चुकवायचं नसतं. पहिल्याच घरापाशी अण्णा दम खायला थांबले, आणि थांबलोच आहोत तर म्हणून त्यांनी दार वाजवलं. घरातली बाई बाहेर आली. धाकटी काही बोलणार, तेवढ्यात अण्णांनी हात वर केला.

"ही माझी मुलगी. उभी आहे," ते धापा टाकत म्हणाले. "पटलं तर मत द्या. नाही पटलं तर नका देऊ, जबरदस्ती नाही." मग जरा वाकून आत बघितलं. "तुमचे पडदे मात्र धुवायला झालेत."

बाई म्हणाली, "पडदे घेऊन जा. आणि मताचं काय, तुमचं कुणाला?"

अण्णा ताठ उभे राहिले. श्वास अजून जागेवर आला नव्हता, तरी ते एवढ्या मोठ्याने बोलले की समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.