मागून येणारी रेघ

काजलने संगणकातून वायर उपटली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि शेजारच्या खाचेत खुपसून म्हणाली, आता ओढून बघ. नंदिनीने पेन उचललं. टेबलावरच्या, त्या वायरने संगणकाला जोडलेल्या काळ्या पाटीवर तिने डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ ओढली आणि कडेला येऊन पेन थांबवलं. समोरच्या पडद्यावर रेघ अजून मध्यावरच होती. तिथून ती सावकाश पुढे निघाली आणि कुणीतरी नजर रोखून ओढावी तशी सरकत पेन थांबलं होतं तिथे येऊन पोहोचली.

"पुन्हा तसंच," अनुप म्हणाला. "वायरचा दोष नाई मग."

अनुपचं पुलगावात फ्लेक्स छपाईचं दुकान. रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा अर्धं शटर ओढून चार-पाच हौशी माणसं तिथे जमत आणि संगणकावर चित्रं रंगवायला शिकत. शिकवणारा कुणीच नव्हता. फुकटात मिळणारं एक सॉफ्टवेअर, मोबाईलवरचे व्हिडिओ, आणि एकाचं अडलं की बाकीच्यांनी आपापली अक्कल पाजळायची, असा तो वर्ग होता. काजल बीएस्सीला होती आणि सगळ्यांत हुशार. रूपराव साठी ओलांडलेले पेंटर, ट्रकांच्या मागच्या फळ्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांना माऊस अजून उंदरासारखाच पळायचा. नंदिनी सर्वांत नवी. ती सावंगीच्या दवाखान्यात नर्स होती आणि या वर्गात वडिलांच्या जागी आली होती. काळी पाटी वडिलांची, पेनही वडिलांचं, आणि बसायची तीही त्यांच्याच ठरलेल्या संगणकावर.

वडिलांचा, म्हणजे श्रावण पेंटरचा, पहिला स्मृतिदिन दोन दिवसांवर आला होता. नाचणगावच्या विहारात कार्यक्रम ठेवला होता, आणि तिथे लावायचं त्यांचं मोठं चित्र नंदिनी काढत होती. आज पाचच्या आत ते छपाईला जायला हवं होतं. चित्रातला चष्मा तेवढा काढायचा राहिला होता. काजल सहज मागे येऊन उभी राहिली आणि तिने ती मागून येणारी रेघ पाहिली.

"ताई, केव्हापासून होऊन राह्यलं हे?"

आजच, असं नंदिनी म्हणाली. खोटं होतं ते. पाच रविवार हेच चालू होतं.

पहिल्या रविवारी रेघ अशी मागून आली तेव्हा तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता. तिने पाटीवरचा हात झटकन काढून घेतला होता आणि इकडेतिकडे पाहिलं होतं. मग पुन्हा हळूच पेन टेकवलं, तर पुन्हा तसंच. ती रेघ तिची नव्हतीच. तिचा हात लहानपणापासून वाकडातिकडा. शाळेत साधा आंबा काढला तरी तो वांग्यासारखा दिसायचा. आणि इथे गालाची, कपाळाची ओळ गोल, भरीव, एका दमात ओढल्यासारखी उमटत होती. गावातल्या प्रत्येक बोर्डावर बाबांची रेघ अशीच होती. तेही असेच सावकाश लिहीत, ब्रश टेकवून आधी श्वास धरत. नंदिनीने काय समजायचं ते समजून घेतलं आणि कुणालाही सांगितलं नाही. दवाखान्यात रोज मरण पाहणाऱ्या बाईने असलं काही बोलावं हे तिला स्वतःलाच शोभेना. खरं तर चित्र दोन रविवारांत पुरं झालं असतं. ती काढायची आणि पुसायची, पुन्हा काढायची. घरी नवऱ्याला, अश्वजितला, सांगायची की अजून जमत नाही. तासभर पेन पाटीवर ठेवलं की कुणीतरी पाठीशी उभं आहे असं वाटायचं, आणि त्या वाटण्याची तिला भीतीही होती आणि ओढही. हे दुरुस्त झालं असतं तर तिच्याकडे बाबांचं काही उरलं नसतं.

अनुपकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. सॉफ्टवेअर मुळासकट काढायचं आणि नव्याने टाकायचं. राहू दे, होईल तसंच, असं नंदिनी दोनदा म्हणाली. पाच मिनिटांचं काम आहे म्हणत त्याने ते काढूनही टाकलं. पडद्यावरची खूण गेली तेव्हा नंदिनीच्या तळहातांना घाम सुटला. तिने ते ओढणीला पुसले. नवं सॉफ्टवेअर बसलं, उघडलं. अनुपने पेन तिच्या हातात दिलं.

तिने रेघ ओढली. रेघ आली, मागून, सावकाश, तश्शीच.

"काकाजी आतच बसून हायेत वाट्टे," काजल हसून म्हणाली. कुणी हसलं नाही. रूपरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

नंदिनीला मात्र सुटल्यासारखं झालं. तिने घाईने चष्म्याची दांडी काढायला घेतली. पण काजल हट्टी पोर. एखादी गोष्ट कळत नाही म्हणजे काय, ती कळलीच पाहिजे, असा तिचा स्वभाव. तिने दुसरी खुर्ची ओढली आणि एकेक खिडकी उघडून बघायला लागली. सॉफ्टवेअर काढलं तरी माणसाने स्वतःसाठी करून ठेवलेल्या सोयी संगणकात वेगळ्या जागी तशाच राहतात, हे ती बोलता बोलता अनुपला समजावत होती. त्या सोयींमध्येच काहीतरी असणार.

"हे पाहा, सापडलं," ती म्हणाली.

एक आडवी पट्टी होती, आणि तिच्यावरचं बटण पार उजव्या टोकाला सरकवलेलं होतं. काजलने सांगितलं ते साधंच होतं. हात थोडा हलला तर रेघ हलू नये म्हणून ही सोय असते. सॉफ्टवेअर हाताची थरथर गाळून टाकतं आणि मग रेघ काढतं. जितकं जास्त ठेवाल तितकी रेघ गुळगुळीत, आणि तितकीच उशिरा येणार, कारण गाळायला वेळ लागतो.

"मी पंधरावर ठेवते. हे तर पुरं शंभर हाय," काजल म्हणाली. "इतकं कोणी नाई ठेवत. काकाजींचा हात तर पक्का होता ना?"

हात पक्का होताच. पुलगाव, नाचणगाव, पार देवळीपर्यंत शाळा, दवाखाने, रॉकेलची दुकानं, पंचायतीच्या भिंती, सगळीकडे श्रावण पेंटरची अक्षरं होती. लग्नघरी तर त्यांच्याशिवाय पान हलत नसे. दारापुढच्या भिंतीवर चुना मारायचा, वर 'मंगल परिणय' आणि खाली मुलाचं नि मुलीचं नाव, लाल नि निळ्या रंगात. शेकडो पोरींची नावं त्यांनी अशी भिंतींवर लिहिली. एकीचंच नाही लिहिलं. नंदिनीच्या लग्नात भिंत कोरी राहिली आणि दारावर अनुपकडून छापून आणलेला फ्लेक्स लागला. पाहुणे विचारत होते. भागीरथाबाई, तिची आई, काहीतरी सांगून वेळ मारून नेत होती. हळदीच्या दिवशी नंदिनीला ते सहन झालं नाही. भरल्या घरात ती बाबांना म्हणाली होती की दुसऱ्यांच्या लेकींची नावं लिहीत गावभर फिरलात, माझं नाव लिहायला मात्र तुमचा हात उठला नाही. बाबा उठून मांडवाबाहेर गेले होते. त्यानंतर दोघं बोलत राहिली, सणावाराला भेटत राहिली, पण ते वाक्य मध्ये होतंच. नंतर वर्षभरही झालं नाही तोच एका सकाळी ते झोपेतच गेले.

नंदिनी त्या पट्टीकडे पाहत होती.

"काकाजी," तिने रूपरावांना विचारलं, "बाबांचा हात थरथरत होता काय?"

रूपरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. सांगू नये म्हणून शपथ घातली होती, पण आता ज्याने घातली तोच नाही, असं काहीसं ते पुटपुटले.

"तुह्या लग्नाच्या साल-दीड साल आधीपासून," ते म्हणाले. "ब्रश टेकवला का थरथर सुरू. तवापासून त्याच्या नावाचे सारे बोर्ड म्याच लिहले. खाली 'श्रावण पेंटर' बी म्याच लिहो. घरी मालूम नोको पडू देजो म्हणे. पोरीचं लग्न व्हाचं हाय."

अनुपने पंखा बंद केला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रूपराव पुढे सांगत राहिले. लग्नाच्या आधी तीन दुपारी श्रावण त्यांच्या घरी गेला होता. मागच्या भिंतीवर चुना मारून नंदिनीचं नाव लिहून बघायचा, मग ओल्या फडक्याने पुसायचा, परत चुना मारायचा. तीन दुपारी तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली तेव्हा त्याने ब्रश खाली ठेवला.

"म्या म्हणलं, अरे इतके बोर्ड लिहले तुह्या नावानं, ही एक भित्त जड हाय काय मले? आण, लिहून देतो. तर नाई म्हणे. साऱ्या गावाले फसवलं, म्हणे, पण पोरीच्या लग्नात खोटी सही नाई चालत. त्यापक्षा फ्लेक्स लावतो."

नंदिनीला बाबांचा चहा आठवला. लग्नानंतर बाबा सासरी आले की चहाला हात लावत नसत, पित्त होतं म्हणत. सासूसमोर कप तसाच निवून जायचा आणि नंदिनीचा चेहरा अपमानाने लाल व्हायचा. पलंगापलंगाशी जाऊन अनोळखी माणसांचे हात हातात घ्यायचे, शीर शोधायची, नाडी मोजायची, हे तिचं रोजचं काम. बापाचा हात तिने दोन वर्षांत एकदाही हातात घेऊन पाहिला नव्हता.

"इथं कसा आला मग तो?" रूपराव स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "लग्न झालं, अन् अनुपनं एक डाव गंमत म्हणून हे पेन त्याच्या हाती देलं. रेघ सरळ आली. तो निस्ता पाहतच राह्यला. दुसऱ्या हप्त्यात नागपूरले जाऊन पाटी घेऊन आला."

बाहेर उन्हात एक ऑटो हॉर्न वाजवत गेला. घड्याळात साडेचार झाले होते. अनुपने घसा खाकरला आणि छपाईचं यंत्र तापायला ठेवलं. काजलने बटणावर बाण नेऊन ठेवला आणि खालच्या आवाजात विचारलं, कमी करून देऊ का, उरलेलं काम पटापट होईल.

"राहू दे," नंदिनी म्हणाली.

चष्मा तिने तसाच पुरा केला. प्रत्येक रेघेला थांबावं लागत होतं. आता अंगावर काटा येत नव्हता, आणि ते तिला जास्त जड जात होतं. दुसऱ्या काचेची कड मिळाली तेव्हा तिने नाक ओढलं, मनगटाने डोळे पुसले आणि खुर्ची मागे सारली. पडद्यावर श्रावण पेंटर किंचित वैतागल्यासारखे बघत होते. जिवंतपणी फोटो काढताना ते तसेच बघायचे.

"खाली सही राह्यली," अनुप म्हणाला. चित्रकाराचं नाव श्रावण पेंटर असंच टाकायचं, हे तिने त्याला पहिल्याच रविवारी सांगून ठेवलं होतं. "टाईप करून टाकू काय मी?"

"नको," नंदिनी म्हणाली. "खोटी होते ती."

तिने पेन घेतलं आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात नाव लिहायला सुरुवात केली. 'नं' लिहिला आणि थांबली. तो पडद्यावर आला. मग 'दि', मग थांबली. मग 'नी'. शेवटी शिरोरेघ उरली. ती तिने एका दमात ओढली आणि पेन तसंच टेकवून ठेवलं. रेघ मागून निघाली, निळी, कुठेही न हलता. रूपराव खुर्चीतून उठून पडद्याजवळ येऊन उभे राहिले. रेघ पहिल्या अक्षरावरून पुढे सरकली, दुसऱ्यावर आली, आणि ती शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचेस्तोवर नंदिनीने हात उचलला नाही.