दोन थेंब तेल

खाली जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला ब्रेक हवा, एवढं एकच तत्त्वज्ञान घेऊन मी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. माझ्या हाताखालची एकही लिफ्ट कोसळली नाही. आणि नेमकी माझ्याच पोटी ही मुलगी यावी!

तिच्या खेळाचं नाव स्केलेटन, म्हणजे सांगाडा. नाव ठेवणाऱ्याला खेळाचा शेवट आधीच दिसला असणार. बर्फाच्या वळणावळणाच्या घसरगुंडीवरून, एका चपट्या लोखंडी गाडीवर पालथं पडून, डोकं पुढे करून ताशी सव्वाशेच्या वेगाने खाली यायचं. हनुवटी आणि बर्फ यांच्यात चार बोटांचं अंतर. गाडीला चाकं नाहीत, खाली नुसत्या दोन पोलादी पट्ट्या.

"आणि थांबायचं कसं?" मी विचारलं होतं.

"शेवटी चढ असतो ना बाबा. आपोआप थांबते."

आपोआप! हा शब्द मी लिफ्टच्या धंद्यात उच्चारला असता तर तुरुंगात गेलो असतो.

पोटापाण्यासाठी ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात आहे. ओल्या चादरींच्या गाड्या तळघराच्या बोळातून ढकलायच्या. बाकीच्या बायका रमतगमत ढकलतात. ही कमरेत वाकून, गाडीचा दांडा धरून वाऱ्यासारखी सुटते, कारण खेळात सुरुवातीची धाव अशीच असते म्हणे. परिचारिका भिंतीला चिकटून उभ्या राहतात. सहा वर्षं हे चाललं होतं.

आणि सहा वर्षं माझी जीभ चालली होती. सराव करून आली की मी विचारायचो, "नाक आणलंस ना परत?" खांद्याचं हाड मोडलं तेव्हा म्हणालो, "चला, खेळाच्या नावाला जागलीस." न्हाव्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की एक दिवस ती गाडी मीच मोडणार आहे. खेळाच्या संघटनेने एकदा कुटुंबाचा अभिप्राय मागवला. खेळाडू तीन आणि पदाधिकारी नऊ, तेव्हा कागदांशिवाय त्यांनी करायचं तरी काय? मी त्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'हे थांबवा', आणि खाली झोकात सही ठोकली.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. पण ते लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता.

यंदा राष्ट्रीय संघात एकच जागा होती, आणि तिशीनंतर नव्याने निवड नाही असा नियम. पदाधिकारी होण्याचं वय मात्र साठीनंतर सुरू होतं. मुलगी एकोणतीस वर्षांची. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. तिच्या आईचा गुडघा धरला होता, म्हणून चाचणीला सोबत जायची कामगिरी माझ्यावर आली.

दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत ती दुसऱ्या वळणावर पोचली आणि मी डोळे मिटले. टाळ्या ऐकून उघडले. ती पहिली होती! चार शतांश सेकंदांनी. माझी छाती फुगली, आणि पोरीसाठी आपणही काहीतरी करावं असं सहा वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती ऊब घ्यायला आत गेली आणि मी घोडीवर ठेवलेली तिची गाडी उलटी करून पाहिली. पट्ट्या कोरड्या ठणठणीत! लिफ्टचे रूळ असे कोरडे ठेवले असते तर साहेबाने मला सोलून काढलं असतं. तेलाची बारकी कुपी खिशात असायची सवय अजून गेली नाही. दोन्ही पट्ट्यांवर दोन-दोन थेंब टाकले आणि रुमालाने छान पसरवले. कुणी हटकलं नाही. हातात फडकं घेतलेल्या म्हाताऱ्याला जगात कुणीच हटकत नाही.

दुसऱ्या फेरीआधी तपासनीस बाईंनी पांढरं फडकं पट्टीवरून फिरवलं. ते पिवळं झालं. मुलीने आधी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रुमालाकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

सचिवांच्या खोलीत बाईंनी नियम वाचून दाखवला. खेळाडूने किंवा तिच्या मदतीसाठी कुणी पट्ट्यांना काही लावलं, तर खेळाडू बाद. अपाय करण्यासाठी कुणी लावलं असेल, तर पट्ट्या पुसून फेरी घ्यायची आणि लावणाऱ्याला हाकलून द्यायचं. थोडक्यात, या संघटनेत मदत चालत नाही, घातपात चालतो.

"काका, का लावलंत?" सचिवांनी विचारलं.

"त्यांना माहीत नव्हतं," मुलगी घाईने म्हणाली, "ते मला मदत—"

"तू गप्प बस!" मी ओरडलो. "अपाय करायलाच लावलं. गाडी वळणावर भलतीकडे घसरावी, हिने कंटाळून हा नाद सोडावा, म्हणून. तुमच्याकडे माझा फॉर्म असेल बघा."

ज्या कार्यालयाला तिची वर्गणी भरल्याची पावती कधी सापडली नव्हती, तिथे माझा फॉर्म दोन मिनिटांत सापडला. 'हे थांबवा.' अक्षर माझंच, सहीही माझीच.

"बाबा, खरंच?" तिने विचारलं.

मला वाटलं होतं, पोर हुशार आहे, ओळखेल. मी डोळ्यांनी खुणावूनही पाहिलं. पण सहा वर्षं ज्या डोळ्यांत तिला फक्त चेष्टा दिसली, त्यांच्यावर ती कशाला विश्वास ठेवणार?

"खरंच," मी म्हणालो.

मला फाटकाबाहेर काढलं. पट्ट्या पुसल्या, फेरी झाली. निकाल कर्ण्यावरून ऐकला. दोन शतांश सेकंदांनी जागा तिची झाली होती. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो आणि पहारेकरी माझ्याकडे बघत होता.

तासाभराने ती पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. खरं सांगावं असं फार वाटलं. पण मी तिला ओळखतो. सांगितलं असतं तर ती उलट्या पावली आत गेली असती, सचिवांना सगळं सांगून जागा परत करून आली असती. एवढा सरळपणा तिच्यात कुठून आला कोण जाणे, माझ्याकडून तर नक्कीच नाही.

"अभिनंदन," मी म्हणालो.

ती थांबली.

"हाही टोमणाच का, बाबा?"

उत्तराची वाट न बघता ती बस थांब्याकडे चालू लागली.