चौघांचा तंबोरा

रोह्याच्या हिरामण मास्तरांना वरातीत ट्रंपेट फुंकून वीट आला होता. नाचाची गाणी बँडवर बसवण्यात त्यांचा हातखंडा; पण त्यांना खुर्च्यांवर बसून, पाच पितळी वाद्यांवर यमन वाजवायचा होता. हसा खुशाल, बँडवालेही हसलेच.

अडचण होती मींडेची. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, तर ट्रंपेटचं बटण दाबलं की सूर तुटतो. ट्रॉम्बोनची नळी मात्र सरकते. म्हणून मास्तरांनी सगळा राग ट्रॉम्बोनवाल्या प्रणितला दिला आणि स्वतःसकट उरलेल्या चौघांचा तंबोरा केला. नुसता षड्ज धरायचा. एकाचा दम संपायच्या आत दुसऱ्याने उचलायचा. सांधा कळता कामा नये.

"सगलं त्यालाच दिलंत. तुमच्या वाट्याला काय?" कृष्णाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तंबोऱ्याबिगर गाणं उभं ऱ्हातं व्हय?"

प्रणित डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर. शिफ्ट सुटली की रोह्याला यायचा. मास्तरांनी त्याला एकेक मींड गळ्याने गाऊन शिकवली. पोरगा गुणी होता, आणि तेच पुढे मास्तरांना जास्त झोंबलं.

पेणच्या एका मंडळाच्या कमळाकरशेठनी तालीम ऐकली आणि गणपतीतला कार्यक्रम ठरवला. चौघांनी कोट इस्त्री करून ठेवले. आदल्या दिवशी प्रणितचा फोन आला.

"मास्तर, स्टेज ल्हान हाय. शेठ बोलले, एकटाच ये. तंबोरा काय, मोबाइलात हाय."

"आनि तू काय बोललास?"

"मी काय बोलनार?"

सांधा इतका बेमालूम जमला होता की चौघं माणसं वाजवताहेत हे शेठना जाणवलंच नव्हतं. गुरूची विद्या गुरूला फळली, दुसरं काय!

तरी मास्तर पेणला गेले, राहवेना. मागच्या रांगेत बसले. प्रणितने 'माझे गुरू' म्हणून त्यांचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेल्याने रागवायलाही जागा ठेवली नाही. मग तो वाजवू लागला, आणि एकही मींड चुकली नाही.

त्याच्या पायाशी मोबाइल षड्ज धरून होता. मास्तरांची पाळी यायची ती जागा आली, आणि सवयीने त्यांनी छाती भरून श्वास घेतला. सूर कुठे संपतच नव्हता. उचलायला काही नव्हतं. भरलेला श्वास त्यांनी हळूहळू सोडला, शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून.