गावाला गेलेले मास्तर

"मास्तर गावाला गेलेत!"

गेल्या दोन महिन्यांत वहिनींनी हे वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं, की शटर अर्धं वर जायच्या आत ते त्यांच्या तोंडून निघून जाई. वहिनी म्हणजे टेलरमास्तरांच्या पत्नी. मास्तर शर्ट-पँट बेतायचे, वहिनी काज-बटण करायच्या आणि बायकांची मापं घ्यायच्या. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक जाड हिरवा पडदा. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे.

थापा मारायची सवय नसलेल्या माणसाला थापा लक्षात ठेवणं फार जड जातं. वहिनींनी दूधवाल्याला सांगितलं, मास्तर भावाकडे गेलेत. मास्तर एकुलते एक होते, हे बोलून झाल्यावर आठवलं. समोरच्या स्टेशनरीवाल्याला सांगितलं, पाठीत उसण भरली म्हणून वैद्यांकडे राहिलेत. शेजारणीला सांगितलं, भाच्याचं नवं घर लावून द्यायला गेलेत. आता हे तिघे एकाच दिवशी दुकानाच्या पायरीवर भेटू नयेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

खरं तर मास्तर कुठेही गेले नव्हते. पडद्याच्या पलीकडे, काउंटरपासून बारा पावलांवर, ते खाटेच्या कडेला बसून होते. आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी आजार मुळापासून काढला, आणि शौचाची वाट पोटावर डाव्या बाजूला काढून दिली. तिथे एक लाल, ओलसर, गोल तोंड होतं. त्याला दवाखान्यात स्टोमा म्हणतात. त्यावर चिकट चकती लावायची आणि चकतीला पिशवी जोडायची. जीव वाचला होता, वजन वाढत होतं. पण पिशवी गळायची! दिवसातून दोनदा, कधी तीनदा. सदरा बदल, चादर बदल, खिडक्या उघड, उदबत्ती लाव. चकतीभोवतीची कातडी सोलल्यासारखी लाल झाली होती. वहिनी वरून खोकी बांधायची रुंद चिकटपट्टी लावायच्या, आणि ती काढताना मास्तर दातांवर दात दाबून धरायचे.

अशा माणसाला चार लोकांत कसं बसवायचं? म्हणून वहिनींनी त्यांना गावाला पाठवून दिलं होतं.

त्या सकाळी शटर वर गेलं आणि समोर कप्तान उभे! कप्तान म्हणजे शहरातल्या हौशी बँडचे प्रमुख. एरवी पोस्टात काम करायचे, पण चालायचे मात्र पुढे बँड असल्यासारखे.

"वहिनी, पेढे नाहीत म्हणून रागावू नका, बातमी गोड आहे! आम्ही अंतिम फेरीत पोचलो! अठरा दिवसांनी स्पर्धा. बावीस गणवेश हवेत, आणि ते मास्तरांच्याच हातचे हवेत. बोलवा त्यांना!"

"मास्तर गावाला गेलेत," वहिनी म्हणाल्या.

"कधी येणार?"

"ते... काही सांगता येत नाही."

कप्तानांचा चेहरा उतरला. "तीन दिवस वाट बघतो. नाहीतर नाइलाजाने दुसरीकडे द्यावे लागतील हो. वाईट वाटतं, पण स्पर्धा काही आपल्यासाठी थांबायची नाही."

ते गेले. वहिनी आत आल्या तर मास्तर उभे होते, डोळे लकाकत होते आणि बोटं आपोआप हवेत कातरीसारखी चालत होती.

"बावीस गणवेश! अगं, बावीस! उंच कॉलर, खांद्यावर झालर, मागे दोन चुण्या... वही आण, वही आण!"

वहिनी वही आणायला वळल्या, तेवढ्यात मागून आवाज आला, "राहू दे." मास्तरांनी सदरा पोटाशी घट्ट धरला होता. सदऱ्यावर डाग पसरत चालला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे नीटनेटके करणारा तो माणूस भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

वहिनींचं काळीज हललं. त्यांनी त्यांना स्वच्छ केलं, निजवलं आणि सरळ बटणांच्या डब्याखालचा कागद काढला. दवाखान्यातून निघताना मिळालेला तो कागद त्यांनीच तिथे दडवला होता, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. खाली लिहिलं होतं: काही अडचण आल्यास स्टोमा सिस्टरना फोन करा. दोन महिने त्यांनी तो नंबर फिरवला नव्हता. आज फिरवला.

"अहो, मग इतके दिवस काय करत होतात?" पलीकडून आवाज आला. "उद्या सकाळी दहाला या. आणि पिशवी जशी लावता तशीच लावून या. नटूनथटून येऊ नका!"

स्टोमा सिस्टर म्हणजे पोटावरच्या अशा वाटा, न भरणाऱ्या जखमा आणि लघवीची गळती बघणाऱ्या नर्स; पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा केसांवर सरकवलेल्या बाई. त्यांनी चिकटपट्टी तेल लावून हळूच सोडवली, मास्तरांना एकदाही "आई गं" म्हणू दिलं नाही. चकती काढून उजेडात धरली, आणि मग कपाळालाच हात लावला.

"हे भोक कुणी कापलं?"

"मी," मास्तर जरा अभिमानानेच म्हणाले. कापणी सुरेख होती, कुठे एक दातरा नव्हता.

"सुंदर कापलंय. पण केवढं कापलंय! माप घेतलं होतं?"

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मास्तरांकडे. सगळ्या शहराची मापं घेणाऱ्या त्या घरात कुणी हे माप घेतलंच नव्हतं. मास्तर तिकडे बघतच नसत. दवाखान्यात पहिल्या दिवशी नर्सने कापून दिलेली चकती त्यांनी नमुना म्हणून ठेवली, आणि वर अर्धा इंच सैल धरलं.

"सिस्टर, अंगाला लागतं ते थोडं सैलच हवं. बगलेला सैल ठेवलं नाही तर काचतं. चाळीस वर्षं हेच करतोय."

सिस्टर खो-खो हसल्या. "मास्तर, अहो हा सदरा नाही! सदऱ्याला सैल ठेवा, ह्याला नाही. तुम्ही ठेवलेल्या अर्ध्या इंचात घाण साचते, कातडी जळते, ओल्या कातडीवर चकती धरत नाही, म्हणून गळतं. मग वहिनी वरून पट्टी मारतात, ती काढताना कातडी आणखी सोलते. आणि दुसरं सांगते, ऑपरेशननंतर सूज उतरते, स्टोमा लहान होत जातो. तुमचा नमुना दोन महिन्यांपूर्वीचा. गिऱ्हाईक बारीक झालंय, तुम्ही जुन्याच मापाने शिवताय!"

मास्तरांच्या तोंडाचा आ झाला. हे त्यांना डॉक्टरांच्या सगळ्या भाषणांपेक्षा पटकन कळलं.

"घ्या माप," सिस्टरांनी गोल भोकांचं कार्ड पुढे केलं. "तुम्हीच घ्या. बघा त्याच्याकडे. ते लाल आहे म्हणजे तब्येत उत्तम आहे."

मास्तरांनी मान खाली घालून प्रथमच नीट पाहिलं. कार्डातलं एक भोक लावलं, मोठं. दुसरं, मोठं. तिसरं बरोबर बसलं. "ह्याच्या बाहेर सूतभर," ते पुटपुटले.

"अगदी बरोबर! सूतभर, जास्त नाही. दर आठवड्याला माप, सूज थांबेपर्यंत. कातडी कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, चकती तळहातात धरून ऊब द्या, मग दाबा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. आणि कमरेचा पट्टा त्याच्यावर आवळायचा नाही, पँट खांद्यांवरून पेलणारे गॅलिस लावा. ही तुमची ताजी चकती जर नीट बसली, तर शेजारी बसलेल्यालासुद्धा वास येणार नाही."

मग त्या वहिनींकडे वळल्या. "आणि तुम्ही? लोकांना काय सांगता, कुठे आहेत म्हणून?"

"गावाला गेलेत," वहिनींनी खाली बघत सांगितलं.

"का?"

"लोक नाकाला रुमाल लावतील, सिस्टर. म्हणून तुमच्या नंबरचा कागदही मी दडवून ठेवला. ह्यांना ते सहन होणार नाही. मी त्यांच्यासाठीच..."

"ह्यांना सहन होणार नाही, की तुम्हाला?" सिस्टरांचा आवाज मऊ होता, पण प्रश्न नव्हता. "वहिनी, चष्मा लावणाऱ्याला कुणी गावाला पाठवत नाही. कवळी बसवलेल्याला पाठवत नाही. पोटाची वाट बदलली तेवढी मात्र आपण लपवतो! तुम्ही तो कागद लपवला, म्हणून एका कार्डाने सुटणारी गोष्ट दोन महिने चिघळली. लाज गळतीपेक्षा जास्त नुकसान करते. माझ्याकडे माणसं येतात ना, ती जखम घेऊन येत नाहीत, गुपित घेऊन येतात. जखम मी आठवड्यात बरी करते. गुपिताला माझ्याकडे मलम नाही!"

वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आपण ज्याला माया समजत होतो ती भीती होती, हे त्यांना त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

आणि खरंच, पिशवी गळली नाही! त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मास्तर दर तासाला सदरा वर करून बघत आणि लहान मुलासारखे ओरडत, "कोरडं! अगं, कोरडं!" तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः शटर वर ढकललं नाही, कारण सिस्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती, पण "वर कर, पूर्ण वर कर" असा हुकूम मात्र खणखणीत सोडला. स्वतःसाठी आदल्या दिवशीच उंच कमरेची पँट बेतून त्यावर गॅलिस लावले होते. गळ्यात टेप होती. वहिनींचा निरोप मिळताच कप्तान सगळ्या बँडला घेऊन आले आणि दुकानात मुंगीला शिरायला जागा उरली नाही.

"मास्तर, आलात गावाहून!"

"आलो," मास्तर म्हणाले, आणि वहिनींकडे बघून गालातल्या गालात हसले.

मापं सुरू झाली. पुरुषांची बाहेर, बायकांची पडद्याआड. शेवटी क्लॅरिनेट वाजवणारी मुलगी आत आली. शाळेत शिकवायची, बोलायला चुणचुणीत. वहिनींनी कमरेभोवती टेप फिरवली तशी ती एकदम मागे सरकली. पण टेपखाली काय आहे ते वहिनींच्या बोटांना कळलं होतं. पिशवीचा तो बारीक सळसळाट त्यांनी दोन महिने ऐकला होता.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू, कुणाला सांगू नका. मी बँड सोडतेच आहे. त्या गणवेशाला चार बोटं रुंद पट्टा असतो, तो मला जमायचा नाही. कारण काय सांगणार? सांगेन, शाळेत काम वाढलं."

वहिनी काही बोलायच्या आत ती पडदा सारून बाहेर गेलीसुद्धा. "सर, माझं नाव कमी करा."

"आता? पंधरा दिवसांवर स्पर्धा आली आणि आता?" कप्तानांचा पारा चढला. "तुझा एकटीचा तुकडा आहे मधे! कारण सांग!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती दाराकडे सरकू लागली. वहिनींनी बाहेर येऊन मापाची चिठ्ठी मास्तरांच्या हातात ठेवली. कमरेच्या आकड्याशेजारी त्यांनी एक छोटं वर्तुळ काढलं होतं, सिस्टरांच्या कार्डावर असतं तसं. मास्तरांनी ते पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि होकाराची मान हलवली.

बस्स! वहिनींच्या तोंडून शब्द सुटले ते थांबलेच नाहीत.

"कप्तान, आधी माझं ऐका! मास्तर गावाला गेले नव्हते. इथेच होते, त्या पडद्यामागे! आतड्याचं ऑपरेशन झालंय, पोटावर पिशवी आहे, आत्ताही आहे! मी लाजेने खोटं बोलले, सगळ्यांशी बोलले!"

पायरीवर दूधवाला, स्टेशनरीवाला आणि शेजारीण, तिघेही गर्दी बघायला आले होते.

"म्हणजे भाऊ नाहीच?" दूधवाल्याने विचारलं.

"आणि उसण?"

"आणि भाच्याचं घर?"

भांडं असं फुटलं की आधी मास्तर हसले, मग कप्तान, मग सगळं दुकान! कुणी नाकाला रुमाल लावला नाही. लावायचं कारणच नव्हतं. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या कप्तानांना एवढा वेळ काही कळलंदेखील नव्हतं.

मास्तरांनी गॅलिसमध्ये अंगठे अडकवले. "कप्तान, पट्टा रद्द! पट्ट्याने माणूस काचतो, फुंकायला श्वास पुरत नाही. बावीसच्या बावीस पँटी उंच कमरेच्या, आणि गॅलिस! माझ्यासारखे. रुबाब बघा कसा दिसतो!"

ते एकदा पुढून, एकदा मागून फिरून दाखवून मोकळे झाले.

"झकास!" कप्तान ओरडले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "काय ग, शाळेच्या कामाचं काही जमवता येईल का?"

मुलगी वहिनींकडे बघत होती. तिचं गुपित जागच्या जागी होतं; एका बाईने स्वतःचं उघडं करून ते झाकलं होतं. "जमवते सर," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.

अठराव्या दिवशी बावीस गॅलिसवाले मंचावर चढले तेव्हा वादन सुरू होण्याआधीच टाळ्या पडल्या. मास्तर-वहिनी पहिल्या रांगेत होते. कप्तानांनी काठी उचलली, सभागृह एकदम शांत झालं, आणि नेमकं तेव्हाच मास्तरांच्या पोटाने मोठ्ठा गुडगुड आवाज केला. दोन महिन्यांपूर्वी वहिनी जमिनीत गडप झाल्या असत्या. आज त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हसून म्हटलं, "आमचेही वादक तयार आहेत!" मागची रांग हसली, आणि बँड सुरू झाला. क्लॅरिनेटचा तो एकटीचा तुकडा असा काही लागला, की वहिनींनी मास्तरांचा हात घट्ट धरून ठेवला.

स्पर्धेत बँडचा दुसरा नंबर आला. पण मुलगी खाली उतरली ती सरळ कप्तानांकडे गेली आणि स्वतःहून, हसत हसत, त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. कप्तानांनी टोपी काढून तिला कडक सलाम ठोकला.

आता दुकानात आरशाशेजारी एक पाटी आहे. तिच्यावर सिस्टरांचा नंबर आहे, मोठ्या अक्षरांत. कधी कधी कुणी कापड न घेताच येतं, आरशात बघितल्यासारखं करतं आणि नंबर टिपून घेतं. कुणाची आई असते, अंथरूण ओलं होतं म्हणून लग्नकार्याला न येणारी. कुणाचे वडील असतात, पायाची जखम चादरीखाली लपवणारे. वहिनी काही विचारत नाहीत. फक्त म्हणतात, "आजच फोन करा. मी दोन महिने उशीर केला."

वाचकहो, शरीर बिघडतं, त्याची डागडुजी होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आजाऱ्याला जपायचं म्हणजे त्याला दडवायचं नव्हे. त्याच्या दुखण्याकडे नीट बघायचं, ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारायचं, आणि त्याला पुन्हा चार माणसांत आणून बसवायचं! तुमच्या घरातही पडद्यामागे कुणी गावाला गेलेलं असेल. आजच जा, पडदा सारा आणि त्यांना घरी घेऊन या.