तीन सेकंदांचा हात

हार्मेन टर्पस्त्राला आपल्या प्रोग्रामची काळजी नव्हती. काळजी होती ती स्वतःच्या उजव्या हाताची.

रविवारची दुपार, लायडनच्या सभागृहात शेवटची फेरी. सहा टेबलांवर बारा संगणक एकमेकांशी बुद्धिबळ खेळत होते आणि त्यांचे बारा धनी हमालासारखे राबत होते. आपल्या पडद्यावर खेळी उमटली की ती लाकडी पटावर करायची, घड्याळ दाबायचं, समोरच्याची खेळी आली की ती आपल्या संगणकात टाइप करायची. डोकं यंत्राचं, हात माणसाचा. माणसानं डोकं चालवलं तर ती फसवणूक. हात मात्र चाललाच पाहिजे.

हार्मेनचा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. ही गोष्ट त्याची बायको आंके सोडून कुणाला ठाऊक नव्हती. “या वेळी दुसऱ्या कुणाला तरी बसव,” ती सकाळीच म्हणाली होती. पण सव्वीस वर्षं ज्या खुर्चीत आपण बसलो, तिथं दुसऱ्याला बसवायचं म्हणजे सगळ्यांना कारण सांगायचं. त्यापेक्षा मरण बरं.

घोटाळा त्याला चाळिसाव्या खेळीला कळला. सव्वीस वर्षांपूर्वी कीविट हा प्रोग्राम लिहिताना त्यानं त्यात एक आकडा घातला होता: दर खेळीमागे माणसाच्या हाताला तीन सेकंद. तेव्हा त्याला दोनच लागत. आता दहा लागत होते, कधी बारा. कीविट बापडा त्या जुन्या हाताच्या भरवशावर निवांत विचार करत होता. त्याच्या हिशोबानं सात मिनिटं उरली होती, पटाशेजारच्या घड्याळात दोन. आणि डाव चालू असताना प्रोग्राममधलं काहीही बदलायला बंदी.

पडद्यावर आकडा आला: बारा खेळ्यांत मात. हा डाव जिंकला की कीविट सव्वीस वर्षांत पहिल्यांदा स्पर्धेत अजिंक्य ठरणार होता. घड्याळ संपलं की हरणार होता, मग पटावर काहीही असो.

त्यानं हत्ती उचलला. बोटं थडथडली, बाही लागून घोडा आडवा झाला, उंट लवंडला. सोंगट्या जागेवर लावून घड्याळ दाबेपर्यंत वीस सेकंद गेले. राहिले शंभर, आणि अकरा खेळ्या. दर खेळीला प्रोग्रामला पाच, हाताला दहा. पाचवीतल्या पोरालाही जमेल असा गुणाकार होता, आणि उत्तर वाईट होतं.

समोर लोडेवाइक ब्राउन्स, हामर या प्रोग्रामचा कर्ता, मान खाली घालून बसला होता. नऊ वर्षांपूर्वी हार्मेननं भर सभेत सांगितलं होतं की हामर चोरीचा आहे, दुसऱ्याच्या प्रोग्रामवरून उतरवलेला. चौकशी झाली, काही निघालं नाही. हार्मेननं माफी मागितली नाही, लोडेवाइकनं बोलणं टाकलं. इतक्या वर्षांत दोघांमध्ये फक्त सोंगट्या हलल्या.

लोडेवाइकनं आपली खेळी केली आणि हार्मेनचं घड्याळ धावू लागलं. त्यानं ते मधेच थांबवलं आणि पंच तिनेकेला हाक मारली.

“काय झालं?” ती म्हणाली.

“माझा हात चालत नाही.” आवाज अख्ख्या खोलीला ऐकू गेला असं त्याला वाटलं. “रोग आहे. दुसरं कुणी बसवता येईल?”

“येईल. पण नाव नोंदवलेलंच माणूस हवं, आणि सगळे आपापल्या डावात अडकलेत, हार्मेन. मोकळं कुणी नाही.”

“मी आहे की,” लोडेवाइक म्हणाला. “दोन्हीकडचं मीच करतो. सरक जरा.”

हार्मेनला घाम फुटला. ज्याला आपण चोर म्हटलं, त्याच्याच हाती किल्ल्या. लोडेवाइकनं नुसती नाकाशी बोटं नेली, शिंकला, चष्मा पुसला, तरी दहा सेकंद जातील आणि कुणी काही म्हणू शकणार नाही. तिनेके वाट बघत होती.

“चालेल,” हार्मेन म्हणाला.

लोडेवाइक खुर्ची ओढून टेबलाच्या कडेला बसला. घड्याळ सुरू झालं. हार्मेन पडद्यावरची खेळी वाचायचा, लोडेवाइक ती करायचा, घड्याळ दाबायचा, हामरची खेळी करून इकडे टाइप करायचा. नव्वद सेकंद, ब्याऐंशी, चौऱ्याहत्तर. हार्मेनला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. बाविसाला त्यानं डोळे मिटले, मग आपणच खेळी वाचायची आहे हे आठवून दचकून उघडले. अकरा सेकंद उरले असताना लोडेवाइकनं वजीर ठेवला आणि स्वतःच म्हणाला, “मात.”

कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“आता तरी पटलं ना?” लोडेवाइक म्हणाला. “चोरायचंच असतं तर या हामरपेक्षा बरं काहीतरी चोरलं असतं.”

हार्मेनला हसू फुटलं आणि डोळेही भरले. “चुकलो मी, लोडेवाइक. तेव्हाच कळलं होतं. जीभ रेटली नाही.”

“नऊ वर्षं?”

“नऊ वर्षं.”

तिनेकेनं निकालाचा कागद पुढे केला. लोडेवाइकनं सही ठोकली आणि पेन त्याच्याकडे सरकवलं. सगळे बघत होते. हार्मेननं पेन धरलं आणि आपलं नाव वेडंवाकडं, अक्षर अक्षर करत, पुरतं लिहून काढलं.