बॅटभर अंतर

नारायण सुतारांच्या, म्हणजे अण्णांच्या, दुकानाची मागची भिंत दर दुरुस्त बॅटीमागं एक बॅट मागं सरकायची. हातभर नाही, वीतभर नाही, बरोब्बर बॅटभर. पात्याच्या खाचेत नवा दांडा ठोकून बसवला, टक् असा आवाज झाला, की तिकडं भिंत सरकलीच म्हणून समजा. इचलकरंजीत त्यांच्या गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. बाहेरून बघाल तर दुकान होतं तेवढंच, दहा बाय बारा, मागं त्यांचंच स्वयंपाकघर आणि त्याला लगटून चौगुल्यांचं घर. चौगुल्यांच्या भिंतीचा पोपडासुद्धा कधी उडाला नाही. वाढायचं ते आतल्या आत वाढायचं.

त्या भिंतीला दार होतं, दारापलीकडं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात शालन, अण्णांची बायको. घोळ होता तो इथं. नुसतंच दुकान मोठं झालं असतं तर अण्णांनी गल्लीत पेढे वाटले असते हो! पण भिंत सरकली की शालन लांब जायची.

याची सुरुवात झाली अकरा वर्षांपूर्वी, उदयच्या बॅटीवरून. उदय त्यांचा एकुलता एक मुलगा. निवड चाचणीला तीन आठवडे होते आणि त्याची बॅट दांड्याशी मोडली. अण्णांनी ती हातात घेतली, मोगरीनं पात्यावर दोन ठोके मारले आणि कान लावला. ही त्यांची रीत. रस्त्यावर यंत्रमागांचा खडखडाट कितीही चालू दे, लाकूड आत कुठं फुटलंय ते त्यांना त्या ठोक्यात ऐकू यायचं. "पातं झकास हाय," ते म्हणाले. "दांडा बदलू." आणि बॅट ठेवून दिली दुरुस्तीला आलेल्या बॅटींच्या ढिगाच्या तळाशी. का? तर घरचीच आहे, होईल. या धंद्यात सगळे असंच करतात. गिऱ्हाईक दारात उभं राहून डोकं खातं, घरचा माणूस कुठं पळून जातो?

घरचा माणूस गेला. उसन्या बॅटीनं खेळला, तिसऱ्या चेंडूवर बाद झाला, घरी येऊन जेवला आणि पिशवी भरली. भांडला असता तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाला, "बॅट झाली की कळवा. येतो." महिन्याभरानं पुण्याहून एक कार्ड आलं. त्यावर उदयचा तिथला पत्ता होता, बाकी अक्षर नाही. अण्णांनी ते फळीवर जवसाच्या तेलाच्या बाटलीमागं खोचलं आणि ढिगावरची पहिली बॅट उचलली. दुसऱ्याच कुणाची तरी. दांडा बसला, टक्. त्या दिवशी भिंत पहिल्यांदा सरकली. उदयची मोडकी बॅट शालननं ढिगाखालून काढून आत नेली आणि पिठाच्या डब्यामागं उभी करून ठेवली.

पहिले काही दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नाही. जेवायला आत जाताना चार पावलं जास्त पडायची, एवढंच. मग चहा कोमट यायला लागला. मग साय धरून यायला लागला. मग शालन सकाळी विचारायची, "अवं, च्या घेणार न्हवं?" ते अण्णांना दुपारी ऐकू यायचं, आणि अण्णांचं "आण" तिला पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असायची. जेवायला म्हणून निघावं तर परत यायला दुसरा दिवस उजाडायचा, आणि इकडं ढीग तसाच. अण्णा एक दिवसाआड जाऊ लागले. मग आठवड्यानं. मग शेजारच्या सायकलवाल्या बशीर मुल्लाच्या घरून डबा येऊ लागला.

"अण्णा, सायकल घिऊन जावा की आत," बशीर म्हणाला.

"मधी पंक्चर झाली तर?"

बशीरनं दुकानात डोकावून लांबवर बघितलं. "त्ये बी खरंच," म्हणाला आणि आपल्या चाकाकडं वळला.

खरं सांगायचं तर अण्णांना थांबता आलं असतं. कुणी बंदूक लावली नव्हती. बॅट घेणं बंद करायचं, कुलूप घालायचं आणि चालत सुटायचं. पण चिरलेली बॅट समोर आली की त्यांचा हात आपोआप मोगरीकडं जायचा. एवढी बसवतो आणि जातो, म्हणायचे. रोज म्हणायचे. स्टोव्हचा निळा ठिपका लांबवर दिसायचा तोवर त्यांना धीर होता. मग तोही दिसेनासा झाला, आणि त्या दिवशीसुद्धा त्यांनी तीन दांडे बसवले. काय म्हणावं अशा माणसाला?

एका सोमवारी शालनचा आवाज आला. अगदी बारीक, भिंतीला कान लावून ऐकावा तसा.

"अवं, मी निघालेय. उदयची बॅट घिऊन येतेय. तुमास्नी सवड न्हाई, तर मीच येते."

अण्णांच्या हातातली मोगरी तशीच राहिली. आवाज आज पोचला होता, पण ती निघाली कधी? आठ दिवस झाले असतील, महिना झाला असेल. तिचे गुडघे धड नाहीत. आणि ती वाटेत असताना यांनी किती दांडे ठोकले? खोली वाढायची ती मधोमध वाढायची, म्हणजे एकेक बॅट तिच्याच वाटेत पडली होती.  अण्णा उठले आणि तिच्या दिशेनं चालायला लागले.

दुपारपर्यंत चालले. पायाखाली तीच शहाबादी फरशी, वर तीच ट्यूबलाइट, पुन्हा तीच. थकून वळून पाहिलं तर कामाचं टेबल त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर होतं आणि त्यापलीकडं दुकानाचं दार, दारात बशीरची सायकल. टेबल जागचं हललेलं दिसत नव्हतं. अण्णा आणखी चालले, पुन्हा वळले. टेबल पाठीशीच. आता त्यावर एक चिरलेली बॅटही होती.

टेबलावर कालच बसवलेली दुसरी एक बॅट पडली होती. संतापानं अण्णांनी ती उचलली आणि दांडा धरून हिसडला. सांध्यातला सरस अजून नीट वाळला नव्हता. दांडा खाचेतून निघून हातात आला, आणि लांबवरचा पावलांचा आवाज एकदम जवळ सरकला. कितीनं? बॅटभरानं. अण्णांनी कानावर हात ठेवला, काढला, पुन्हा ऐकलं. शंकाच नाही. पाऊल घासत चालणारी ती शालनच होती.

त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिलं: इथं दुरुस्त केलेल्या बॅटी परत आणाव्यात, मोडून मिळतील. पुठ्ठा दारावर टांगला.

घ्या, दुसऱ्या दिवशी रांग लागली. गणपतीत आरतीला उभी राहावीत तशी माणसं शिस्तीत उभी होती, बगलेत बॅटी. कुणी का म्हणून विचारलं नाही.

"अण्णा, मोडून मिळंल म्हणं?"

"मिळंल."

"कवा?"

"उभ्या उभ्या."

दांड्याशी गरम पाण्याचा फडका गुंडाळायचा, सरस मऊ झाला की पातं गुडघ्यात धरायचं आणि ओढायचं. प्रत्येक दांडा निघताना कण्हायचा. अण्णांना एकेक बॅट ओळखू येत होती. ही वखार भागातल्या संघाची, हिची खाच बसवायला दोन दिवस गेले होते. ही एका मास्तरांची, हिचा दांडा केनचे, म्हणजे वेताचे, सात तुकडे जोडून केलेला. अकरा वर्षांचं काम ते आपल्या हातानं उपसत होते आणि रडत होते. लाजही वाटत नव्हती त्यांना. माणसं पातं एका बगलेत, दांडा दुसऱ्या बगलेत धरून "येतो अण्णा" म्हणत होती.

आतून शालन जवळ येत होती. आधी ठिपका, मग हिरव्या लुगड्याचा रंग, मग तिचं उजवीकडं लचकत चालणं. केस पांढरे झाले होते. ते कधी झाले, अण्णांना माहीत नव्हतं. त्यांनी हात आणखी भराभर चालवले. शेवटची बॅट बशीरच्या पुतण्याची होती. ती निघाली तेव्हा शालन टेबलाच्या पलीकडं उभी होती, हात लांब केला तर लागेल अशी.

अण्णांनी हात लांब केला. तिनं त्या हातात बॅट ठेवली.

"आधी ही," शालन म्हणाली.

"बस तरी आधी. पाणी पी."

"आधी ही करा."

उदयच्या बॅटीच्या पात्यावर चेंडूंचे लाल डाग तसेच होते. अण्णांनी मोगरीनं दोन ठोके मारले. आवाज अजून खणखणीत. पातं झकास होतं, अकरा वर्षं नुसतं पिठाच्या डब्यामागं उभं होतं.

"शालन, ही बसवली की तू बॅटभर लांब जाशील."

"जाईन की. एवढी चालून आले, आणि बॅटभराचं काय घिऊन बसलाय?"

 मग अण्णा जे अकरा वर्षं कुणाजवळ बोलले नव्हते ते बोलले. "आणि बसवली, कळवलं, आणि तो आला न्हाई तर? मग आपल्याजवळ काय ऱ्हातंय गं? आज निदान बॅट व्हायची हाय, म्हणून तो यायचा हाय."

 शालनच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते वाटेतच कुठंतरी संपलं असावं. "तुमी त्याला कळवलंच न्हाई," ती म्हणाली. "माझं पोरगं पुण्यात बसून वाट बघतंय, बॅट कवा होतीय म्हणून. करा."

अण्णांनी नवा दांडा घेतला. इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात काम केलं नसेल. दांड्याचं टोक केसाएवढं केसाएवढं तासत खाचेशी जुळवलं, सरस लावला, मोगरीचा एकच ठोका दिला. टक्. शालन मागं गेली. बरोब्बर बॅटभर. तिचा हात अजून पुढं केलेला होता.

आता बॅट शिकंज्यात आवळून ठेवायची आणि एक दिवस एक रात्र तिला हात लावायचा नाही, हा धंद्यातला पहिला नियम. सरस ओला असताना जरासं ओढलं तरी सांधा सुटतो. अण्णा शिकंज्याकडं वळणार इतक्यात दारात आवाज झाला. बॅटी मोडून नेलेली सगळी माणसं परत आली होती. बगलेत पातं, बगलेत दांडा.

"अण्णा, दांडा बसवून मिळंल का?"

अण्णांना आपला उजवा हात मोगरीकडं निघालेला दिसला. त्यांनीच तो पाहिला, आणि घाबरले. हाताला काम दिलं नाही तर तो यातला एकेक दांडा बसवत सुटणार आणि शालन पुन्हा दिसेनाशी होणार. त्यांनी दोन्ही हातांनी उदयच्या बॅटीचा दांडा धरला, घट्ट, आणि बॅट आडवी करून पुढं केली.

"धर!"

शालननं पात्याचं टोक धरलं. दोन्ही हातांनी. टेबल मधे होतं आणि टेबलाच्या वर बॅट पुलासारखी अधांतरी होती.

"ओढू नगंस," अण्णा म्हणाले. "सरस वला हाय. ओढलंस तर तू हितं येशील, पर बॅट मोडंल."

"ठावं हाय मला. किती वेळ धरायची?"

"उद्या ह्या वेळेपतुर."

"धरते."

दोघं उभी राहिली. बाहेर माग चालू होते. पाठीमागं माणसं रांगेत चुळबुळत होती, कुणी खोकलं, कुणी पातं जमिनीला टेकवलं. अण्णांचे दंड भरून आले. शालनच्या उजव्या गुडघ्याला कंप सुटलेला त्यांना लुगड्यातून दिसत होता. उद्या या वेळेपर्यंत तो टिकणार नव्हता, हे त्यांना कळत होतं आणि तिलाही कळत होतं.

मग रांगेच्या शेवटून कुणीतरी पुढं आलं. माणसांनी बाजूला होऊन वाट दिल्याचं अण्णांना ऐकू आलं.

"बॅट झाली म्हणं?"

आवाज जाड होता, तिशीतल्या माणसाचा. उदयचा असला तरी त्या वयाचा त्याचा आवाज अण्णांनी ओळखावा कसा? वळून बघायचं तर बॅट वळणार आणि सांधा सुटणार. ते समोरच बघत राहिले. शालन त्यांच्या खांद्यावरून दाराकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर काय होतं ते त्यांना अकरा वर्षांच्या दुराव्यानंतर वाचता येत नव्हतं.

"कोण हाय गं?" अण्णांनी विचारलं.

 शालनची बोटं पात्यावर आवळली आणि पातं नकळत तिच्याकडं ओढलं गेलं. दोघांच्या मधोमध, जिथं दांडा पात्यात शिरतो तिथं, केसाएवढी काळी रेघ उघडली आणि तिच्यातून सरसाचा एक थेंब बाहेर आला.