मासिनाची बशी

"बघा! डोळे भरून बघा!" मालाकी स्टेजवरून ओरडला आणि आमच्या चर्चचा अख्खा हॉल उभा राहिला. त्याने माझ्या भाचीचा, मासिनाचा, गेल्या वर्षीचा झगा दोन्ही हातांनी पसरून धरला होता. त्या झग्यात आताची मासिना दोनदा मावली असती. ती त्याच्या शेजारी मान खाली घालून उभी होती आणि लोक टाळ्या पिटत होते.

"हे नुसतं पाणी नाही, बंधूंनो! सामोआच्या डोंगरात, धबधब्याच्या मागे, सूर्य उगवायच्या आत, उपाशीपोटी भरलेलं पाणी! त्यात नोनूच्या फळाचा अर्क, त्यावर एकवीस प्रार्थना. जेवताना घास एक, घोट एक. चरबी लाजते आणि आल्या वाटेने निघून जाते!"

"आल्या वाटेने म्हणजे तोंडातून का रे?" मी खालून विचारलं.

शेजारच्या दोघी फिदीफिदी हसल्या. मग त्याच दोघींनी रांगेत उभं राहून बाटल्या घेतल्या.

मालाकीचं स्वतःचं पोट पट्ट्यावरून पुढे येऊन प्रवचन ऐकत होतं. मी तिकडे बोट दाखवलं. तो जरासुद्धा डगमगला नाही. "आजीबाई," म्हणाला, "मी दुसऱ्यांची चरबी स्वतःच्या अंगावर घेतो." यालाही टाळ्या! कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे मी काय करणार?

मी तेउइला. सामोआहून इथे ऑस्ट्रेलियात, लोगनला येऊन चाळीस वर्षं झाली, त्यातली एकतीस हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात रोग्यांची ताटं लावण्यात गेली. त्यामुळे कोण काय खातो याकडे माझं फार लक्ष असतं. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत.

पण त्या दिवशी माझा जीव झग्यात नव्हता, माझ्या धाकट्या भावाच्या पायात होता. इओपू, मासिनाचा बाप, वीस वर्षांपासून मधुमेही. त्याच्या फ्रिजच्या दारात जिथे इन्सुलिन असायचं तिथे आता मालाकीच्या बाटल्या उभ्या होत्या. मालाकीने सांगितलं होतं की डॉक्टरचं औषध चालू ठेवलं की पाणी रुसतं. पाणी रुसू नये म्हणून माझ्या भावाने महिन्याभरापासून इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही बंद केल्या होत्या आणि दिवसाला तीन पेले पाणी ढोसत होता. पायाच्या करंगळीला जखम झाली होती, ती आता काळी पडायला लागली होती.

"इओपू, हॉस्पिटलला चल," मी रोज जाऊन सांगत होते.

"ताई, माझ्या घरात चालताबोलता पुरावा फिरतोय. मासिना अर्धी झाली की नाही? मग मला गुण का नाही येणार?"

मासिना खरंच अर्धी झाली होती. मालाकीवर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण डोळ्यांना दिसतं ते नाकारायचं कसं?

शनिवारी दुपारी मी मासिनाच्या हाताखाली मदत करायला गेले. रविवारी चर्चनंतर हॉलमध्ये मोठी पंगत होती. मासिना अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं दूध आणि कांदा भरून पुरचुंड्या बांधत होती. एकीकडे कोंबडी शिजत होती, दुसरीकडे शेवयांचं भलंमोठं पातेलं. घरात अकरा माणसं, सगळी खाणारी. बारा वर्षं या पोरीने सगळ्यांना पोटभर घातलंय.

"आत्या, मी जरा दोन घास खाऊन घेते," ती म्हणाली.

तिने चहाची बशी घेतली. त्यात कोंबडीचे नखाएवढे तुकडे, वर जराशी पानाची भाजी. चहाच्या चमच्याने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला, चावत राहिली. किती वेळ! मग पुन्हा चमचा उचलला. सहा घासांत तिचं जेवण संपलं.

"पाणी देऊ?"

"नको आत्या, अर्ध्या तासाने."

मी हातातली पुरचुंडी खाली ठेवली. एकतीस वर्षांत अशी ताटं मी शेकड्याने लावली होती. छोटी वाटी, छोटा चमचा, आणि पाण्याचा पेला अजिबात ठेवायचा नाही. चुकून ठेवला तर नर्स अंगावर यायची.

"मासिना," मी म्हटलं, "पोटाचं ऑपरेशन कुठे केलंस?"

चमचा बशीत पडला. मग ती रडायलाच लागली.

जानेवारीत न्यूझीलंडला बहिणीकडे जाते असं सांगून ती गेली होती सिडनीच्या हॉस्पिटलात. एकट्या नवऱ्याला ठाऊक. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला होता, उरला तो केळ्याएवढा. तिची आई साखरेनेच गेली होती आणि मासिनाचीही साखर वाढायला लागली होती. पोरं लहान. म्हणून तिने हे केलं.

"मग त्या मालाकीच्या बाजूला कशाला उभी राहतेस?"

"तो आला एप्रिलमध्ये. तोवर मी पंचवीस किलो उतरले होते. भीड पडली म्हणून एक बाटली घेतली. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, 'भगिनी, माझंच पाणी ना?' मी मान हलवली. तेवढंच गं आत्या! नाहीतर काय सांगू? सगळ्यांना खाऊ घालणारीने स्वतःचं पोट कापून घेतलं म्हणून? लोक हसले असते."

"हसले असते, आणि दुसऱ्या रविवारी विसरले असते. तुझ्या बापाचा पाय बघितलास?"

तिने पाहिला नव्हता. तो मोजे घालून हिंडत होता. मी पाहिलं ते सगळं तिला सांगितलं.

"पोट तुझं आहे," मी म्हटलं. "मी कुणाला काही बोलणार नाही. पण उद्यापर्यंत तू बोलली नाहीस, तर तुझ्या बापाला मी फरफटत नेईन आणि तो जन्मभर मला शिव्या देईल. तुझं ऐकून मात्र तो स्वतःच्या पायांनी येईल."

आता तुम्ही विचाराल, सात महिने हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण आमची रीत. घरी असो की पंगतीला, पास्टर, वडीलधारे आणि पाहुणे आधी बसणार. रांधणारी वाढणार, माशा वारणार, आणि सगळे उठले की आत जाऊन उरलंसुरलं खाणार. मासिनाचं ताट कुणी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही तिच्या हातचं खाल्लं, तिची तारीफ केली, पण ती काय खाते हे विचारलं नाही. यात मीही आले, एवढी भोचक असून.

रविवारी हॉल भरला. पास्टरसाहेबांची प्रार्थना झाली. मालाकी पास्टरांच्या शेजारी, दुसऱ्या बाजूला इओपू, त्याच्या पुढ्यात रुसणाऱ्या पाण्याचा पेला. वाढायची वेळ झाली, आणि मासिना स्वयंपाकघरातून आली ती हातात एक बशी घेऊन. सरळ इओपूच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.

पास्टरांची बायको पुटपुटली, "अगंबाई, पोरीला झालंय तरी काय?"

"आज मी आधी जेवणार आहे," मासिना म्हणाली.

मालाकीला संधीच वाटली. "वा वा, भगिनी! घास एक, घोट एक!" त्याने पेला भरून पुढे केला.

मासिनाने एक घास चावून चावून खाल्ला आणि पेल्यावर हात ठेवला. "नको. जेवताना पाणी प्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?" इओपूने विचारलं.

मग तिने सगळं सांगितलं. ऑपरेशन, जठर, खोटी न्यूझीलंडची सहल, पोटावरच्या पाच छोट्या खुणा. "माझं वजन या पाण्याने उतरलेलं नाही, बाबा. ऑपरेशनने उतरलं, आणि त्यानंतर मी उतरवलं. रोज तुमच्यासाठी पातेली भरून रांधते, सगळा वास नाकात जातो, हात शिवशिवतात, आणि सहा घासांवर उठते. मी खोटं बोलले. तुम्ही त्या खोट्यावर औषध बंद केलंत."

मालाकी मोठा पोचलेला. "बंधूंनो!" तो गरजला, "ऑपरेशन यशस्वी कुणामुळे झालं? पाण्यामुळे!"

"ऑपरेशन जानेवारीत, तू एप्रिलमध्ये," मी म्हटलं. "तुझं पाणी मागे जाऊन काम करतं का?"

आता हसू फुटलं, पण मला हसू पुरेसं नव्हतं. हसून लोक पुन्हा बाटल्या घेतात. मी एक बाटली उचलली, हॉलच्या स्वयंपाकघरात गेले, हॉलकडची खिडकी सताड उघडली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाटली कढईत ओतली. गॅस मोठा केला.

"एकवीस प्रार्थना आटवतेस!" मालाकी ओरडला.

"आटल्या तर नव्या कर."

पाणी उडालं आणि गोडी झाकणारा नोनूचा उग्र वासही गेला. कढईत उरला तांबूस, चिकट पाक. बायका खिडकीशी गोळा झाल्या. त्यातल्या एकीने चमचा बुडवून चाटला. "हा तर कोपाईचा पाक!" ती म्हणाली. कोपाई म्हणजे आमच्याकडचे पाकातले गोड गोळे, सणाला करतात.

मी कढई नेऊन इओपूसमोर ठेवली. "हे तू दिवसाला तीन पेले पितोस. तुझी साखर बरी व्हावी म्हणून."

इओपूने वाकून मोजा काढला. करंगळी पाहून मासिनाने तोंडावर हात धरला.

"चल ताई," तो म्हणाला. मासिनाने त्याला हाताला धरून उठवलं.

मालाकीला अचानक दुसऱ्या गावच्या बंधूंची आठवण झाली. खोकी गाडीत भरून तो गेला. जाताना कोंबडीच्या तीन तंगड्या मात्र फॉइलमध्ये बांधून न्यायला विसरला नाही.

इओपूची करंगळी गेली. पाऊल वाचलं. आणखी आठवडाभर थांबला असता तर गुडघ्यापर्यंत कापावं लागलं असतं, डॉक्टर म्हणाले. मला मालाकीचा राग अजून येतो, पण त्याहून जास्त आमचा येतो. एका मान हलवण्यावर एवढा मोठा हॉल टाळ्या वाजवतो आणि एकालाही विचारावंसं वाटत नाही की बाई, तू खातेस काय, कुठल्या डॉक्टरकडे गेलीस, कधीपासून? हे विचारायला शिकलेलं असावं लागत नाही. कुणी औषध बंद करायला सांगितलं तर तेवढ्यावरच त्याला दार दाखवा. प्रार्थना जरूर करा, मीही करते, पण इन्सुलिन घेऊन करा.

आता इओपूच्या घरी मासिना आधी जेवते. तिचे सहा घास होईपर्यंत इओपू रिकाम्या ताटासमोर बसून राहतो आणि भूक लागली म्हणून कुरकुरतो.

गेल्या रविवारी कुणीतरी बातमी आणली की एक तेलवाला आलाय, एका चोळण्यात गुडघे बरे करतो, शेजारच्या वस्तीतली एक म्हातारी चक्क नाचायला लागली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. इओपू काठी टेकत उभा राहिला.

"त्या म्हातारीला घेऊन या," तो म्हणाला. "चार गोष्टी तिलाच विचारू. आमच्यात जेवायला बसवा. पहिल्या पंगतीला."